चौदा आटे, अर्धा मागं

येडूने वॉल्व्हची चावी दीक्षाच्या दाराशेजारी भिंतीला टेकवून उभी केली आणि तो उंबऱ्याबाहेरच थांबला. चावी म्हणजे छातीपर्यंत येईल एवढी लोखंडी कांब. वर धरायला आडवी मूठ, खाली वॉल्व्हच्या डोक्यावर बसणारी चौकोनी खोबण. सव्वीस वर्षं धरून धरून मुठीचं लोखंड गुळगुळीत झालं होतं.

“दीक्षे, हापिसात निघालीस न्हवं?”

दीक्षा पदराला पिन लावत बाहेर आली. चावी बघून तिचा हात तसाच राहिला.

“व्हय मामा. का?”

“एवढी चावी जमा कर तितं. आजपास्नं कामावर यिऊ नको म्हणून कागद आलाय मला.”

शेजारच्या घरचं ताट परत करायचं आहे आणि तुझी वाट तिकडचीच आहे, अशा सुरात तो हे म्हणाला. कागद त्याने दाखवला नाही. तिनेही मागितला नाही. त्यात काय लिहिलं असणार ते तिला ठाऊक होतं.

“मामा, हे माझ्यामुळं—”

“शिपायाकडं दिऊ नको. सायबाच्या टेबलापतुर ने,” येडू म्हणाला. “आन गाडीवर आडवी बांध. उभी धरलीस तर लोकं म्हणतील, मेंबरीण भाला घिऊन लढाईला निघाली.”

तो हसला. तिला हसता आलं नाही.

चिंचनाळ हे गाव सोलापूर आणि कुंभारीच्या मधे वाढत वाढत शहराला चिकटलेलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल आणि चादरी विणणारी माणसं इथे राहायची. गावाची नगरपरिषद होऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि त्यातलीही शेवटची काही वर्षं निवडणुकीशिवाय, एकट्या अधिकाऱ्याच्या हाताखाली गेली होती. यंदा निवडणूक झाली आणि मागच्या गल्लीतून, टॉवेलच्या कडा शिवणारी दीक्षा शिवशरण एकेचाळीस मतांनी निवडून आली. प्रचारात ती एकच गोष्ट बोलली होती. गल्लीतल्या शेवटच्या घरात पाणी.

मागची गल्ली चढावर होती. पाणी दर पाचव्या दिवशी पाऊण तास सुटायचं. शेवटच्या बावीस घरांतले नळ आधी फुसफुसायचे, मग खोकायचे, मग करंगळीएवढी धार धरायचे, आणि तेवढ्यात वेळ संपायची. येडू चावी फिरवून वॉल्व्ह बंद करायचा आणि सायकलला चावी बांधून खाली बाजारपेठेचं पाणी सोडायला जायचा.

आधी तो ग्रामपंचायतीचा माणूस होता, मग ठेकेदाराचा झाला. काम तेच राहिलं. दीक्षा सहा-सात वर्षांची होती तेव्हा गल्लीला एकच सार्वजनिक नळ होता आणि येडू तिथे उभा राहून नंबर लावायचा. दीक्षा घागर लावून पाण्याकडे बघत राहायची. घागर भरून वाहायला लागली तरी तिचं ध्यान नसायचं. मग येडूचा आवाज यायचा, “दीक्षे, भरली. सरकव की. मागं लोकं हायती.” पुढे तो नळ मोडला, घरोघरी तोट्या आल्या, आणि शेवटच्या बावीस घरांना नुसत्या तोट्याच आल्या.

निवडून आल्यावर एकोणिसाव्या दिवशी ती वॉल्व्हच्या चेंबरपाशी येडूच्या शेजारी उभी होती. येडू पुटपुटत आटे मोजत होता. चौदा आटे उघडायचे, मग अर्धा मागं घ्यायचा, म्हणजे वॉल्व्ह धरून बसत नाही. पाऊण तास झाला तेव्हा त्याने चावी पुन्हा वॉल्व्हवर बसवली.

“मामा, आज अर्धा तास जादा चालू ठेवा.”

येडूने मान वर केली. “सायबास्नी इचारलंस?”

“त्यांना काय विचारायचं? मी नगरसेविका आहे आता. मी सांगतेय.”

येडूने खाली बाजारपेठेकडे एकदा बघितलं. मग चावी काढून त्याने जमिनीवर आडवी ठेवली आणि तिच्यावरच बसला. त्या दिवशी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या चंद्रव्वाची दोन पिंपं भरली. चंद्रव्वा म्हातारी दारात येऊन ओरडली, “यव्वा, हे काय सपान म्हणायचं का काय!” दीक्षाला घरी जाताना रस्ता पायाखाली लागला नाही.

टाकीत पाणी मोजकंच असतं. मागच्या गल्लीने अर्धा तास जादा घेतला तेव्हा बाजारपेठेच्या नळांना दुपारी नुसती हवा आली. बाजारपेठ बापूसाहेबांच्या प्रभागात होती, आणि बापूसाहेब ग्रामपंचायतीपासून धरून चौथ्यांदा निवडून आलेले. संध्याकाळी चाळीस बायका रिकाम्या घागरी घेऊन कार्यालयाच्या पायरीवर बसल्या. दुसऱ्या दिवशी येडूला बोलावून जबाब घेतला आणि तिसऱ्या दिवशी कागद दिला.

*

“ती चावी आधी खाली ठेवा मॅडम. मला भीती वाटतेय,” मुख्याधिकारी म्हणाले.

ऋतुराज वाघमोडे माळशिरसकडचे होते. वय तिशीच्या थोडं पुढे, परीक्षा देऊन आलेले, टेबलावर एकही कागद वाकडा नाही. दीक्षाने चावी कपाटाला टेकवली आणि पर्समधून घडी केलेला कागद काढला. निघण्याआधी तिने तो तीनदा लिहिला होता. येडू यांनी वॉल्व्ह उघडा ठेवला तो मी सांगितले म्हणून. चूक माझी आहे. त्यांना कामावर घ्यावे.

साहेबांनी कागद वाचला. पुन्हा घडी घातली. पण ठेवून घेतला नाही. टेबलाच्या मधोमध, दोघांपासून सारख्या अंतरावर ठेवला.

“एक विचारू? तुमच्या कारखान्यात मालक दोन असते आणि दोघांनी कारागिराला दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या असत्या, तर त्याने काय केलं असतं?”

“जो समोर उभा आहे त्याचं ऐकलं असतं.”

“बरोबर. इथे सतरा सदस्य आहेत. सतरा जणांनी येडूला सांगायला सुरुवात केली, तर रोज जो चेंबरपाशी उभा राहील त्याला पाणी. म्हणून तुम्ही मला सांगायचं. येडूला नाही, इंजिनिअरला नाही, झाडूवाल्यालाही नाही. काय पाहिजे ते तुम्ही सांगा. कसं करायचं ते मी बघतो.”

ते ओरडत नव्हते, हेच तिला जड जात होतं. वर्गात मुलाला हातचा समजावून सांगावा तसे ते बोलत होते.

“चुकलंच माझं,” दीक्षा म्हणाली. “मग मला शिक्षा करा. त्यांना का?”

“तुम्हाला करता येत नाही. तुम्हाला लोकांनी निवडलंय.” त्यांनी बोटाने कागद किंचित तिच्याकडे सरकवला. “हा मी घेतला, तर आवक म्हणून नोंदवावा लागेल. आवक झाला की माझ्या हातात राहत नाही, जिल्ह्याला जातो. सदस्याने परस्पर हुकूम दिला. बापूसाहेब नेमकी हीच वाट बघतायत. तुमचं पद जाईल असं मी म्हणत नाही. पण दोन वर्षं तारखांना जाल. मग मागच्या गल्लीचं पाणी कोण मागणार?”

दीक्षाने कपाटाला टेकलेल्या चावीकडे बघितलं.

“चढावर पाणी वेळ वाढवून जात नाही मॅडम. टाकीपासून वेगळी लाइन टाकावी लागते. तुम्ही तसं मागणीचं पत्र द्या, मी सर्व्हे लावतो. सहा महिने द्या मला.”

“आणि मामा?”

“वातावरण थंड होऊ द्या. नवीन लाइन झाली की तिला माणूस लागेलच. तेव्हा त्याला घेऊ. तोवर हे पत्र तुमच्याकडे असू द्या. वेळ आली की मीच मागेन.”

तिने कागद उचलला आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. मग साहेबांनी दिलेल्या कोऱ्या कागदावर, त्यांच्याच पेनाने, नवीन लाइनच्या मागणीचं पत्र लिहिलं. आवक बारनिशीत त्याला नंबर पडला. चावी शिपायाने स्टोअरला नेली.

संध्याकाळी येडू आपल्या ओट्यावर बसला होता. हाताला काही काम नसल्यामुळे तो सायकलची चेन पुसत होता. ती आधीच स्वच्छ होती.

“केलीस जमा?”

“केली.”

“सायबाच्या टेबलापतुर?”

“व्हय.”

“काय म्हणलं सायेब?”

“बघतो म्हणाले. जरा दमानं घ्या म्हणाले.”

येडूने चेन सोडली आणि फडक्याला हात पुसले. “आन तू काय म्हणलीस?”

पर्स तिच्या खांद्याला होती. “मी… विनंती केली, मामा.”

येडूने फडकं झटकलं. मग त्याची घडी घातली.

“बरं केलंसा म्याडम,” तो म्हणाला.

*

दीक्षा लवकर शिकली. शाळेतही ती लवकर शिकणारी होती.

कर्मचाऱ्यांना फोन करणं तिने बंद केलं. गटार तुंबलं, दिवा गेला, कुत्रं मेलं, तरी ती चार ओळी लिहायची, आवक नंबर घ्यायची आणि आठ दिवस थांबायची. सभेत जो प्रश्न विचारायचा तो आदल्या दिवशी साहेबांना कळवायची, म्हणजे साहेब उत्तर घेऊन यायचे आणि कुणाचीच फजिती व्हायची नाही. पहिल्या सर्वसाधारण सभेत बापूसाहेबांनी टेबलावर मूठ आपटली, माइक पाडला, “नोकर आहेस तू आमचा!” असं साहेबांना म्हणाले. दीक्षा खाली बघून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सर्व्हेची माणसं मागच्या गल्लीत आली आणि त्यांनी चढाची उंची मोजली.

“आमची मेंबर मीटिंगला जाती का बसवण्णाच्या देवळात?” चंद्रव्वा दारातून म्हणाली. “तोंड उघडत न्हाय म्हणं. हात जोडून बसती म्हणं.”

“ओरडून पाणी येतं का, आज्जी?”

“न्हाय येत. पर ओरडणाऱ्याच्या गल्लीत कधी तोटा बघितलीस का तू?”

सर्व्हे तर झाला होता. मग अंदाजपत्रक झालं. मग विषयपत्रिकेवर विषय आला. साहेब तिला आता मॅडम म्हणत नव्हते, ताई म्हणत होते. एकदा चहा मागवून म्हणाले, “ताई, तुमच्यासारखे चार सदस्य असते, तर हे गाव मी बदलून दाखवलं असतं.” ते खरं बोलत होते, हे तिला समजत होतं. असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी येडूचा विषय काढायचा असं ठरवून ती गेली होती. चहा संपला आणि तो राहून गेला.

येडू एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात लागला होता. छप्पन्न वर्षांच्या माणसाला माग कोण देणार? तो सुताच्या गोण्या उचलायचा आणि मागांखालची भुकटी झाडायचा. दीक्षाचा नवरा दीपक त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या कारखान्यात होता. तो एकदा जेवताना म्हणाला, “येडूमामा लई खोकायलाय.” मग तिच्याकडे न बघता म्हणाला, “जन्मभर पाण्यात काम केल्यालं माणूस. कापूस सोसंना त्याला.”

एप्रिलात, शिफ्ट सुटायच्या वेळी, ती त्याला गेटवर भेटली. मुद्दाम गेली होती. त्याच्या भुवयांवर आणि कानांच्या केसांवर पांढरी भुकटी बसली होती. एकाएकी दहा वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा दिसत होता.

“मामा, पुढच्या मीटिंगला लाइन मंजूर होतेय. झाली की साहेब तुम्हाला घेणार आहेत. शब्द दिलाय त्यांनी.”

“झ्याक,” येडू म्हणाला. “चंद्रव्वाच्या घरापतुर जाईल न्हवं पाणी?”

“जाईल. टोकाला सार्वजनिक नळपण बसवायचा आहे.”

“मग झालं की.” तो सायकलला टांग मारणार होता, पण खोकल्याने थांबला. खोकला संपल्यावर म्हणाला, “जातो म्याडम.”

निवडून आल्यावर गल्लीतल्या सगळ्यांनीच तिला मॅडम म्हणायला सुरुवात केली होती. मामाही लोकांसारखंच म्हणतो, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

*

लाइन मंजूर झाली. ठरावाला सूचक म्हणून दीक्षाचं नाव लागलं. बापूसाहेबांनीही विरोध केला नाही, आणि त्यांनी विरोध का केला नाही याचं तिला नवल वाटलं; पण आलेल्या पाण्याला कुठून आलंस म्हणून कुणी विचारत नाही. मे महिन्यात गल्लीत चर खणला गेला. जूनच्या पहिल्या आठवड्यात साहेबांची बदली झाली.

ती गेली तेव्हा शिपाई खोक्यात साहेबांची पुस्तकं भरत होता. साहेबांनी त्याला बाहेर पाठवलं.

“साहेब, पत्र आणलंय.” दीक्षाने पर्सच्या आतल्या कप्प्यातून कागद काढला. चार महिन्यांत त्याच्या घड्या पिवळ्या पडल्या होत्या. “तुम्ही मागणार होता.”

ऋतुराज वाघमोडेंनी तो घेतला नाही. ते उठले, कपाटातून एक फाइल काढली आणि एका पानावर बोट ठेवून तिच्यापुढे धरली.

“हे मी तुम्हाला आधीच दाखवायला पाहिजे होतं.”

तो येडूचा जबाब होता. कुणातरी कारकुनाने लिहिलेला, खाली येडूची मोठाल्या अक्षरांतली सही. मला कोणीही सांगितले नाही. मी माझ्या मनाने वॉल्व्ह उघडा ठेवला. तारीख आदल्या दिवशीची होती. म्हणजे ती चावी घेऊन या टेबलापाशी आली, त्याच्या आदल्या दिवशीची.

दीक्षाने ते दोनदा वाचलं.

“म्हणजे मी आले तेव्हा हे इथंच होतं.”

“हो.”

“आणि हे खोटं आहे, ते मी सांगितल्यावर तुम्हाला कळलं होतं.”

“कळलं होतं.” साहेबांनी फाइल मिटली. “बाहेर घागरी घेऊन बायका बसल्या होत्या ताई. मला कुणावर तरी कारवाई दाखवायची होती, आणि तो स्वतःच पुढे आला. तुम्ही कामाच्या आहात हेही मला त्या दिवशीच दिसलं. मला लाइन करायची होती. केली की नाही मी?”

“केली.”

“आता हे पत्र आत आलं, तर त्याचा जबाब खोटा ठरतो. आज ठेकेदाराच्या कागदावर तो नुसता कमी केलेला माणूस आहे. उद्या खोटा जबाब देणारा होईल. मग पुढे कधी कुणी घेणार नाही.”

“नवीन लाइनवर घेणार होता तुम्ही.”

“म्हणालो होतो.” ते खिडकीकडे वळले. “त्या जागेवर ठेकेदाराने माणूस भरलाय. संगमेश. बापूसाहेबांचा भाचा.”

म्हणून बापूसाहेब गप्प बसले होते. दीक्षाने पत्राची घडी घातली. घडी जुन्या रेघांवर आपोआप बसली.

“नवीन साहेबांना सांगून बघा,” ऋतुराज वाघमोडे म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्या दिवशीसारखाच समजावणीचा होता. “पण लगेच नको. आधी त्यांना तुमची थोडी ओळख होऊ द्या.”

*

नवीन लाइनला पाणी सोडायचा दिवस जुलैत ठरला. सकाळी साडेसहाला गल्लीच्या टोकाला, चंद्रव्वाच्या दारासमोर बसवलेल्या नव्या नळाला झेंडूची माळ घातली होती. नारळ आणला होता. घागरी, डबे, कॅन, रंगाचे रिकामे डबे यांची ओळ पार दीक्षाच्या घरापर्यंत गेली होती. त्या ओळीत येडूची बायको सोनाबाई होती. तिने दीक्षाकडे बघितलं नाही आणि नजर चुकवलीही नाही. ती आपल्या कॅनच्या झाकणाकडे बघत होती.

चंद्रव्वाने दीक्षाला ओट्यावर आपल्या शेजारी बसवून घेतलं.

“पैज जिंकली मी, यव्वा.”

“कसली पैज, आज्जी?”

“येडूसंगट लावली होती. त्यानं जबाब दिला न्हवं, त्याच सांजंला. मी म्हणलं, अरं मूर्खा, तिचं नाव सांगायचं की. तर म्हणतो, न्हाय चंद्रव्वा, माझ्या तोंडनं नको. पोरीला उद्या चावी दिऊन धाडतो. सायबाच्या टेबलापतुर जाईल, तितं ती आपसूक सांगंल. लहानपणापास्नं बघतोय तिला, म्हणला, खोटं बोलाय येत न्हाय तिला.” चंद्रव्वाने तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली. “मी म्हणलं, न्हाय सांगायची. मेंबर झालीय ती आता. लागली पैज. हरला बघ येडू.”

“मी सांगितलं होतं, आज्जी.” दीक्षा हळू म्हणाली. “लिहून नेलं होतं.”

“हौदा? खरंच? मग त्या कागदाचं काय झालं?”

दीक्षाचा हात पर्सवर गेला आणि तिथेच राहिला. चंद्रव्वाने त्या हाताकडे बघितलं.

खाली चेंबरपाशी गलका झाला. संगमेशला वॉल्व्ह उघडत नव्हता. पॅन्टला माती लागू नये म्हणून तो वाकडा उभा राहून चावीला हिसके देत होता. दोन जणांनी त्याच्याबरोबर जोर लावला, तरी वॉल्व्ह हलेना. कुणीतरी म्हणालं, तुटेल रे, थांब. मग कुणीतरी म्हणालं, येडूला बोलवा.

तो बोलावण्याआधीच तिथे होता. शिफ्टला निघाला होता. सायकलच्या हँडलला डबा लटकत होता. त्याने सायकल स्टँडला लावली आणि संगमेशच्या हातातून चावी घेतली. नवी चावी होती ती, मुठीचा रंगही अजून गेला नव्हता. त्याने ती हातात जोखून पाहिली आणि वॉल्व्हवर बसवली.

“हिसका दिऊ नये,” तो संगमेशला म्हणाला. “आंगाचा भार टाकायचा, आन दमानं. मोज माझ्यासंगट. एक.”

“एक,” संगमेश म्हणाला.

“दोन.”

सगळी गल्ली ऐकत होती. सात झाले, आठ झाले. दहाव्याला येडूला खोकला आला. तो चावी न सोडता खोकला आणि मग पुढचा आटा फिरवला. चौदा झाल्यावर संगमेश चावीला हात घालायला लागला, तेव्हा येडूने त्याचा हात बाजूला केला.

“आता अर्धा मागं. हे इसरलास तर पुढच्या टायमाला वॉल्व्ह धरून बसंल. ध्यानात ऱ्हाईल?”

“राहील.”

वर टोकाला नळ फुसफुसला. मग खोकला. मग मनगटाएवढी धार पडली आणि बायका एकदम ओरडल्या. कुणीतरी नारळ फोडला. पहिली घागर मॅडमची, पहिली घागर मॅडमची, असं म्हणत लोकांनी दीक्षाला पुढे ढकललं आणि तिच्या हातात चंद्रव्वाची तांब्याची घागर दिली.

तिने ती धारेखाली धरली. पाणी गार होतं. आत पडताना आधी पोकळ आवाज येत होता, मग तो वर वर चढत गेला. तिच्या प्रचारातली एकुलती एक गोष्ट खरी झाली होती. नवीन साहेब सोमवारी रुजू होणार होते. त्यांना भेटायला सगळ्यात आधी जायचं की चार दिवस जाऊ द्यायचे, हे तिने अजून ठरवलं नव्हतं. चेंबरपासून चढ चढत येडू सायकल हातात धरून येत होता. मोठ्या रस्त्याला लागायला त्याला नळावरूनच जायचं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो जवळ आला की म्हणायचं, इथे, सगळ्यांसमोर, मोठ्याने; त्याला कुठला आवक नंबर लागणार होता? पर्स खांद्यावरून घसरून कोपरापर्यंत आली होती. तिने तोंड उघडलं. हातावरून, पायावरून पाणी वाहत होतं.

येडू नळापाशी थांबला. ओळ किती लांब आहे ते त्याने सवयीने मान वळवून पाहिलं.

“म्याडम, भरली,” तो म्हणाला. “सरकवा की. मागं लोकं हायती.”

तिने घागर सरकवली.